सुमनताईंच्या हातचं

सुमनताई पगारे गेल्याचा फोन त्यांची सून रोहिणी हिने केला, तेव्हा मी मेथी निवडत होते. "काकू, आई गेल्या... बसल्या बसल्याच," एवढंच ती बोलू शकली. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच सरकारी दवाखान्याबाहेरच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. ताईंचा फोटो, वर 'अन्नपूर्णा' असं सोनेरी अक्षरांत, आणि खाली हात जोडलेले अन्नछत्राचे अध्यक्ष. तो फ्लेक्स पाहून मला रडू आलं नाही. संताप आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ते अन्नछत्र मुळात ताईंच्या डब्यातून उभं राहिलं. त्यांचे मिस्टर सातपूरला कंपनीत होते. ते आजारी पडून या दवाखान्यात होते, तेव्हा शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडचा एक माणूस होता. त्याची बायको चहात बिस्किटं बुडवून दिवस काढायची. ताईंनी आपल्या डब्यातलं तिला दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन डबे आणू लागल्या. मिस्टर बरे होऊन घरी आले, तरी ताईंचे डबे थांबले नाहीत. उलट डब्यांची पातेली झाली. मी शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांच्या मदतीला गेले. पुढे एका संस्थेने दवाखान्याजवळ पत्र्याची शेड दिली, तिला अन्नछत्र म्हणू लागले. पेशंटच्या नातेवाइकांना ताईंनी कधी रांगेत उभं केलं नाही. "ताट हातात धरून उभं राहायला त्यांनी काय गुन्हा केलाय?" म्हणत त्या सतरंज्या अंथरायच्या. पेठकडच्या एका आजोबांना पोळी नकोशी व्हायची, तर त्या घरी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मळायला शिकल्या. पहिल्या भाकरीचे तुकडे तुकडे झाले. आजोबा हसून म्हणाले, "लय जीव लावला, पण भाकर काय जमली नाय." ताईंना याचं किती कौतुक! आठवडाभर ज्याला त्याला सांगत होत्या.

वीसेक वर्षं हे असंच चाललं... आणि मग संस्थेत नवे अध्यक्ष आले. त्यांच्या ओळखीच्या देणगीदाराने मोठ्या शेगड्या दिल्या, त्यांच्या मागोमाग स्वयंपाकाला एक महाराजही आले. एका सकाळी पंगत बसायच्या बेतात असताना अध्यक्ष ताईंना म्हणाले, "ताई, आता तुमचं वय झालं. चुलीपाशी येऊ नका. वाढायचंही राहू द्या."

"माझं वय आजच झालं का?"

"देणगीदारांच्या काही भावना असतात..."

"कसल्या? तोंडाने बोला ना साहेब. माझ्या हाताला काय झालंय?"

अध्यक्ष मोबाइलमध्ये बघू लागले. ताईंनी त्या दिवशीची पंगत शेवटच्या माणसापर्यंत वाढली, हात धुतले आणि चपला घातल्या. मीही पिशवी उचलली. तेव्हा अध्यक्ष मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही राहा की. तुमचं काही नाही." तुमचं काही नाही! माझ्या आडनावाचं काही नाही, ताईंच्या आडनावाचं होतं. "हे मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू द्या," मी म्हणाले. मी ताईंबरोबर बाहेर पडले.

रिक्षातून उतरून घर आल्यावर ताई म्हणाल्या, "वैशाली, आपल्याकडचं मोठं पातेलं पुरेल ना गं उद्याला?" तेव्हापासून त्यांच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत स्वयंपाक होऊ लागला आणि रिक्षाने दवाखान्याच्या भिंतीपाशी जाऊ लागला. शेजारणी पोळ्या लाटायला यायच्या. पण तो अपमान ताईंना आतून खात होता. दवाखान्याकडे जाताना शेड दिसली की त्या मान दुसरीकडे वळवायच्या. मी पाहिलं आहे.

आणि अशा बाईच्या शोकसभेत हेच अध्यक्ष माइकवर गहिवरून म्हणाले, "ताईंच्या हाताला काय चव होती!" मी जागेवरून उठले. "तुम्ही त्यांच्या हातचं एकदा तरी जेवलात का?" कुणीतरी म्हणालं, "मॅडम, ही वेळ नाही." मग कोणती वेळ? ताई जिवंत असताना होती ती?

गेल्या आठवड्यात अध्यक्ष ताईंच्या घरी आले. शेडला ताईंचं नाव द्यायचं होतं, रोहिणीची संमती हवी होती. आम्ही स्वयंपाकघरातच होतो. ताई बसायच्या त्या खिडकीखाली भाजीचं पातेलं नुकतंच उतरवलं होतं. रोहिणीने ताट वाढलं, वरण, भात, वांग्याची भाजी, आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "आधी जेवा. आईंच्या घरून कुणी उपाशी जात नाही."

अध्यक्षांनी ताटाकडे पाहिलं. म्हणाले, "आज उपवास आहे माझा."

रोहिणीने ताट स्वतःकडे ओढलं. त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि घाई न करता सगळं जेवली. अध्यक्षांना उठताही येईना. मग हात धुऊन, पदराला पुसत ती म्हणाली, "हं, आता बोला. कुणाचं नाव द्यायचंय म्हणालात?"