खंडेनवमीनंतरची रिकामी यादी

माझा हात आधी चालतो, डोकं मागनं येतं. आमच्या घराण्यातच ते आहे. वडील तालमीतले, चहात साखर कमी पडली तरी कप भिंतीवर. मीही त्याच तालमीच्या मातीत वाढलो. कॉलेजात असताना सायकल स्टँडवर एकाचे दोन दात पाडले, ती गोष्ट लोक अजून मला हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही. कारण त्याच हातानं पुढं मी माझ्या एकुलत्या एका दोस्ताचा कान फोडला. आणि कशासाठी, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलेल्या दोन ओळींसाठी.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालेलं. कोल्हापुरात पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघांनी कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान काढलं होतं. घर माझं, अक्कल त्याची. तो शिरोळकडचा, बौद्ध घरातला, कॉलेजात माझ्या बाकावर बसणारा. बोलायला कमी, कामाला वाघ. माझी आई दुपारी दोघांची ताटं एकदमच वाढायची आणि त्याच्या ताटात तांबडा रस्सा माझ्यापेक्षा पळीभर जास्त पडायचा. मी कुरकुरलो की म्हणायची, "गप रं, तुला काय काम हाय? तो डोळं फोडून घेतोय."

तेव्हा त्या मशिनवर चित्रं नव्हती, माऊस नव्हता. काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. आत काय काय आहे ते बघायचं तर डी, आय, आर ही तीन अक्षरं मारायची. आम्ही त्याला 'डिर मारणं' म्हणायचो. डिर मारली की फायलींची नावं सरसर खाली यायची, शाळेत हजेरी घेतल्यासारखी. रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की मी पहिल्यांदा डिर मारायचो. सगळी हजर आहेत बघितलं की बरं वाटायचं. मला त्या मशिनमधलं एवढं एकच नीट यायचं आणि मी तेवढ्यावर मालक होतो.

त्या वर्षी वारणानगरच्या बाजूचे एक प्राध्यापक त्यांचा प्रबंध टाइप करायला घेऊन आले. ऊसतोडणीच्या बायकांच्या गाण्यांवर होता. माझ्या दोस्तानं चार महिने मान मोडून तो बसवला. दसऱ्यानंतर चार दिवसांनी विद्यापीठात द्यायचा होता आणि सर रोज येऊन विचारायचे, "सगळं सुरक्षित आहे ना?" प्रबंध दोन ठिकाणी होता. एक प्रत फ्लॉप्यांवर, एक मशिनच्या आत, 'काम' नावाच्या कप्प्यात.

आता खंडेनवमी. कोल्हापुरात त्या दिवशी कुठलंही हत्यार पूजेवाचून राहत नाही. सुताराची करवत, रिक्षा, शिलाई मशीन, कुस्तीगिराची गदा, सगळ्याला हळदीकुंकू. मग आमचं हत्यार काय, तर कॉम्प्युटर. दोस्त सकाळीच गावी निघाला होता; दसऱ्याला त्यांच्याकडं धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असतो, तो चुकवायचा नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "भावा, मशिनला लाव, कीबोर्डला लाव, माझी काय हरकत न्हाय. फ्लॉपीला तेवढं कुकू लावू नगंस."

"व्हय रं बाबा, जा तू. आता देवाचं पण तूच शिकीव," मी म्हणालो.

तो हसला आणि गेला. आईनं मशीन पुसलं, झेंडूचा हार घातला. मी फ्लॉप्या पाटावर ओळीनं मांडल्या. तेव्हाच्या फ्लॉप्या मोठ्या, लवचिक, आणि मधे एक लांबट खिडकी, तिथनं आतली काळी चकती दिसायची. कुंकू लावायला जागा शोधत होतो, ती खिडकीच बरी वाटली. बोट हळदीत, बोट कुंकवात, आणि प्रत्येक फ्लॉपीच्या बरोबर त्या खिडकीत मी दोन दोन टिकल्या लावल्या. वर अक्षता. त्याचं बोलणं आठवत होतं की मला! पण घर माझं, हत्यारं माझी, मला कोण सांगणार?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर नऊ वाजताच हजर. म्हणाले, एकदा डोळ्यांनी बघू दे, मग जीवाला शांतता. मी फ्लॉपी पुसून घातली आणि डिर मारली. मशीन खरवडल्यासारखं ओरडलं आणि वाचता येत नाही म्हणून इंग्रजीत बोंबललं. दुसरी घातली, तेच. तिसरी, तेच. मग म्हटलं, आतली प्रत आहे की. 'काम'मध्ये गेलो, डिर मारली. दोन ओळी आल्या. एका ओळीत एक ठिपका, दुसरीत दोन ठिपके. बाकी काही नाही. सात प्रकरणं, संदर्भसूची, काही म्हणजे काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा दोन ओळी.

सर मटकन खुर्चीत बसले. "माझी नऊ वर्षं हो," एवढंच म्हणाले. माझ्या कानशिलात आग पेटली. मी कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला, दोन बटणं उडाली. आई आतनं धावत आली, तिला ढकललं. स्वतःच्या आईला ढकललं, हेही लिहून ठेवतो.

आणि डोक्यात एकच. शेवटचा हात मशिनला कुणाचा होता? त्याचा. पूजेला थांबला नाही कोण? तो. कुंकू नको म्हणाला कोण? तो. अशी ओळीनं जुळवणी केली मी, आणि माझ्या स्वतःच्या बोटाचं नाव त्या यादीत कुठंच आलं नाही.

अकराच्या सुमारास तो एसटीतनं उतरून आला. खांद्याला पिशवी, आईसाठी गावाकडची वांगी. "काय भावा," म्हणाला, तेवढ्यात मी डाव्या कानावर पंजा हाणला. तालमीतला पंजा. तो दारावर आदळला, वांगी रस्त्यापर्यंत गेली. मी गळपट्टी धरून आत ओढला, कमरेवर घेतला आणि फरशीवर टाकला. टेबलाचा कोपरा त्याच्या डोक्याला लागला. त्यानं हात उचलला नाही. एकदाच म्हणाला, "ऐक तरी." मी ऐकलं नाही. छातीवर बसून तोंडावर मारत होतो आणि ओरडत होतो, "तुला आमचा देव चालत न्हाय म्हणून सगळं पुसलास व्हय रं? आमच्या ताटात जेवून?" ही वाक्यं माझीच. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडात घातली नव्हती. आई माझे केस ओढत किंचाळत होती, "मरंल त्यो, सोड मुडद्या!" सर भिंतीला चिकटून उभे होते.

दमलो तेव्हा उठलो. तोही उठला, टेबलाला धरून. डाव्या कानातनं रक्ताची बारीक रेघ गळ्यापर्यंत आली होती. त्यानं हात शर्टाला पुसले, कीबोर्ड सरळ केला, खुर्ची ओढून बसला. डी, आय, आर. पुढं तिरकी रेघ, ए, एच. एंटर.

आणि यादी आली. प्रकरण एक, दोन, तीन, सरसर खाली. सातच्या सात. संदर्भसूची. एकही फाईल गैरहजर नव्हती.

"गावी जाताना लपवून ठेवल्या हुत्या," तो पडद्याकडं बघतच बोलला. "गेल्या दिवाळीत तुझ्या चुलतभावांनी मशिनवर गेम घालायला समदं पुसलं हुतं न्हवं? लपवलेलं पुसलं जात न्हाय, साध्या डिरमध्ये दिसत बी न्हाय. चिठ्ठी लावल्ती की रं पडद्यावर."

सर पुढं वाकले आणि लहान पोरासारखे ओरडले, "आहे की! सगळं आहे की हो!" त्यांना रक्त दिसलंच नाही. मला आता फक्त रक्तच दिसत होतं. आई आत गेली आणि डाळीच्या डब्यातनं एक कागद घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. "ह्यो हाय का? मशीन पुसताना काढला. कुकवानं खराब हुईल म्हणून जपून ठिवला मी." त्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'भावा, फायली लपवल्यात. घाबरू नकोस. डिरच्या पुढं /ए एच मार.'

त्यानं मशिनच्या दुसऱ्या, न वापरलेल्या खणातनं प्रबंध नव्या फ्लॉप्यांवर उतरवून दिला. तसल्या अवस्थेत, अर्धा तास बसून. सर गेल्यावर रिकामी पिशवी उचलली आणि आईच्या पायाशी वाकून निघून गेला. माझ्याकडं बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसानं फ्लॉपीचा पहिला खण उघडला आणि कापसाचा बोळा माझ्यापुढं धरला. लालभडक. "कुणी कुकू भरलं ह्यात?" त्यानं विचारलं, आणि मी म्हणालो, "न्हाय ठाऊक."

मी शिरोळला गेलो नाही. आई वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. दुकान चार महिन्यांत बंद झालं, कारण डिर मारण्यापलीकडं मला काही येत नव्हतं. जाईन, पाया पडेन, असं दर दसऱ्याला ठरवायचो आणि दर दसऱ्याला लाज आडवी यायची.

पुढं बारा-तेरा वर्षांनी मुलीला संगणकाच्या क्लासला घालायला राजारामपुरीत गेलो. शिकवणारा मास्तर पाठमोरा होता. वळला. केस पिकलेले, चष्मा, पण तोच. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग खाली माझ्या हातांकडं, आणि तिथं जरा जास्त वेळ बघितलं. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. तेरा वर्षं साठवलेलं सगळं तिथंच, मुलीसमोर, बोलून टाकलं. चुकलो, माझंच बोट होतं, माझंच तोंड होतं, मला माफ कर.

तो शांतपणे मान वळवून म्हणाला, "ह्या बाजूनं या, पावणं. त्या कानानं ऐकू येत न्हाय."

मी त्या बाजूला गेलो. तो वाट बघत उभा होता, उजवा कान पुढं करून. माझ्या तोंडातनं पुन्हा ते निघालं नाही. मी मुलीच्या बॅचची वेळ विचारली, आणि त्यानं ती सांगितली.