गौरीचं चालू राहिलेलं घड्याळ

मित्रांनो, दुपारपासून मन लागत नाही, म्हणून लिहितोय.

साताऱ्यातल्या आठवडाभराच्या बुद्धिबळ शिबिराचा आज शेवटचा डाव होता. जिंकली असती तर माझी धाकटी बहीण गौरी पुढच्या गटात गेली असती.

खेळी झाली की बटण दाबून आपलं घड्याळ थांबवायचं आणि समोरच्याचं सुरू करायचं असतं, पण खेळी करून तिनं बटण दाबलंच नाही. समोरचा मुलगा गप्प बसला आणि गौरीचाच वेळ संपत गेला. मी खिडकीबाहेरून बघत होतो, पण बाहेरच्यानं बोलायचं नाही, असा नियम आहे. वेळ संपल्यामुळं ती हरली.

मेढ्याच्या एसटीत ती म्हणाली, "दादा, तुला दिसत हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग काचंवर टकटक तरी करायचीस की."

घरी आम्ही घड्याळाशिवाय खेळतो. बटणाची सवय मीच लावली नव्हती.

तुम्ही गप्प राहिला असता का?