सगळे सेल्फ गोल कप्तानाचे

आमच्या कप्तानाने दहा वर्षांच्या कारकिर्दीत समोरच्या संघावर एकही गोल केला नाही. आपल्या संघावर मात्र त्याने पुष्कळ केले. निदान माइकवर तसे जाहीर झाले. फॉरवर्डला खेळणारा माणूस आपल्याच जाळ्यात इतके चेंडू कसे घालतो, हा प्रश्न आमगावच्या आसपासच्या गावांना अधूनमधून पडे. पण मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, गर्दीत असले प्रश्न फार वेळ टिकत नाहीत. शेजारी जिलबी तळली जात असते.

त्याला कप्तान कोणी केले, याची कथा अगदी लहान आहे. नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्याच्या रेल्वेतल्या मामाने एक जुना फुटबॉल आणून दिला. चेंडू त्याचा, म्हणून कप्तान तो. पुढे तो चेंडू फुटला, आम्ही वर्गणी काढून दुसरा आणला, तरी कप्तान तोच राहिला. आमची पोरे त्याला इतकी कप्तान म्हणत की त्याचे खरे नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढे उरले. त्याची आईसुद्धा रागावली की म्हणे, “कुठं गेला तो कप्तान?”

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. हलका धान तोवर कापून झालेला असतो, आणि रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, खेळायला जागा होते. आमचे मैदान म्हणजे अशीच दोन बांध्यांची जमीन. धानाची धसकटे पायाला टोचत आणि चेंडू त्यांवर आपटून कुठे उडेल ते त्यालाही ठाऊक नसे. त्यामुळे आमच्या भागात सेल्फ गोल भरपूर होत. त्यात लाज वाटण्यासारखे फारसे काही नव्हते, पण मंडईत माइक असतो. माइकवरचे गुरुजी गोंदियाचे, रंगात आले की हिंदीत शिरत. सेल्फ गोल झाला की खेळ थांबवून विचारत, “हां भाई, ये महान काम किसका?” ज्याचे नाव पुकारले जाई, त्याचे पुढच्या मंडईपर्यंत काही खरे नसे. आटाचक्कीवर, पाणवठ्यावर, सोयऱ्यांच्या लग्नात, सगळीकडे तेच नाव.

गुरुजींनी विचारले की कप्तान हात वर करी. कुठेही उभा असो. एकदा तो पार पलीकडे, समोरच्या गोलकीपरशी त्याच्या म्हशीच्या दुधाबद्दल बोलत होता. तिथूनच त्याने ओरडून सांगितले, “माह्या पायाले लागला जी.” गुरुजींनी लिहून घेतले. पंचाने मान हलवली. आमचा गोलकीपर, ज्याच्या दोन्ही पायांमधून चेंडू गेला होता, गुपचूप चेंडू आणायला गेला.

एवढे सोडले तर कप्तान म्हणून त्याच्यात काही गुण होते, असे म्हणायला मला धीर होत नाही. नाणेफेक जिंकली की तो समोरच्या कप्तानालाच विचारी, “तुमाले कोन्ती बाजू पायजे?” मध्यंतरात इतर संघ डोक्याला डोके लावून बेत करत, आमचा कप्तान भुईमुगाच्या शेंगा वाटे आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे ते विचारी. त्याचा डाव एकच होता, “चेंडू आला का पुढं मारा.” पुढे म्हणजे कुठे, ते सांगण्याच्या भानगडीत तो पडत नसे. मैदानावर जो येई त्याला तो खेळवी. माझ्यासारखा पुस्तकी पोरगा, जो चष्मा काढून खेळे आणि चेंडू जवळ आल्यावरच त्याला ओळखे, तो सलग सहा वर्षे डाव्या बाजूला बॅक होता. यावरून त्याच्या निवडीची कल्पना यावी.

मुन्ना आमचा खरा खेळाडू. संघाचे सगळे गोल त्याचे. त्याला कप्तानाचा हा स्वभाव खुपे. एकदा सामना हरून येताना तो रस्त्यातच थांबला आणि म्हणाला, “तू दरवेळी आपल्या अंगावर घेते, म्हणून हे पोट्टे सुधरत नाही. ज्यानं केला त्याले शिव्या खाऊ दे ना एकदा.” कप्तानाने विचार केल्यासारखे केले. मग म्हणाला, “तू बरोबर बोलून राहिला. माह्यीच चूक आहे.” कप्तानाशी भांडण करण्यात हीच अडचण होती.

मग ती मंडई आली. त्या वर्षी कप्तानाच्या लग्नाचे बोलणे चालू होते. मुलगी सडक अर्जुनीकडची, घर शेतीवाडीचे, आणि बोलणी करणारे माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. मुलीकडची मंडळी मंडईला येणार होती. मुलीचे वडील, काका, आत्या आणि मुलगीसुद्धा. मुलगा चारचौघांत कसा दिसतो, लोक त्याच्याशी कसे बोलतात, हे पाहूनच ते होकार द्यायचा की नाही ते ठरवणार होते. मोठ्या बाबांनी कप्तानाला बजावले होते की आज फक्त नीट वाग. त्याच्या आईने त्याला नवीन बूट आणून दिले होते. धसकटांत बूट घालून खेळणारा तो आमच्याकडचा पहिलाच.

सामन्याआधी मुन्नाने आम्हा सगळ्यांना बाजूला घेतले. कप्तान तेव्हा पाहुण्यांना चहा मिळाला का ते पाहायला गेला होता. मुन्ना म्हणाला, “आज सेल्फ गोल झाला तं ज्याचा त्यानं घ्यायचा. कप्तानाचा हात वर जाऊ द्यायचा नाही. त्याचं लगन आहे.” आम्ही सगळ्यांनी कबूल केले. माझ्या शेजारी बॅकला खेळणाऱ्या दिनूने तर दोनदा मान हलवली.

आणि गोल दिनूच्याच नडगीला लागून गेला. दुसऱ्या अर्ध्यात, एक साधा हळू येणारा चेंडू धसकटावर उडाला, दिनूला लागला आणि आत. मुलीचे वडील आणि काका त्याच गोलाच्या मागे, बाजेवर बसले होते. माइक खरखरला. गुरुजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. दिनूने शब्द पाळला, असे मी आजही सांगेन. त्याचा हात छातीपर्यंत आला होता. पण त्याचा ओठ थरथरत होता आणि हात तिथेच अडकला. तेवढ्यात मधल्या रेषेवरून नव्या बुटांत घसरत कप्तान धावत आला, एका हाताने दिनूला मागे सारून दुसरा हात त्याने वर केला. मुन्ना त्याचा तो हात खाली ओढायला धावला, पण गुरुजींनी पाहिले होते. “कप्तान साहब, एक और!” मैदान हसले. बाजेवरचे दोघे हसले नाहीत.

आम्ही तो सामना एक-शून्यने हरलो. मुन्ना त्याच्याशी बोलेना. मी विचारले, आजच्या दिवस गप्प बसला असतास तर काय बिघडले असते? कप्तान बूट काढून पायाचे फोड पाहत होता. म्हणाला, “दिनूचं तोंड पाह्यलं का तू? माह्यं तोंड काही तसं होत नाही.”

संध्याकाळी मुलीच्या वडिलांनी मोठ्या बाबांना बाजूला बोलावले. आम्हाला वाटत होते, ते म्हणतील की मुलाला खेळता येत नाही. पण गृहस्थ गोलाच्या मागेच बसले होते. चेंडू कोणाला लागला ते त्यांनी नीट पाहिले होते. ते म्हणाले, “पोरगा वाईट नाही. पन जो दुसऱ्याची चूक आपल्या नावानं घेते, त्याच्या घरी पोरगी देऊन काय होईल जी? उद्या गावभराचं लचांड तिच्या अंगनात येईल.” पाहुणे जेवण करून, रात्रीचे दंडारीचे नाटक न पाहताच निघून गेले.

होकाराचा की नकाराचा, कसलाच निरोप येत नव्हता. कप्तानाची आई दिनूच्या घरावरून जाताना पदर सावरून तोंड फिरवून घेई. दिनू लपून राहू लागला. कप्तानाला हे कळले तेव्हा तो आईला म्हणाला की सासरे बरोबर बोलले, आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही मुलगी दिली नसती. अजून न झालेल्या सासऱ्याची बाजू घेणारा नवरदेव मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी मोठे बाबाच सडक अर्जुनीला गेले आणि होकार घेऊन आले. घडले ते असे. मंडईच्या दिवशी मुलगी आत्याबरोबर बांगड्या भरायला बसली होती, आणि दुकानातून मैदान सरळ दिसत होते. तिनेही सगळे पाहिले होते. वडिलांनी आपली शंका घरात सांगितली तेव्हा ती म्हणाली होती, “गावाचं लचांड आपल्या घरी येईल तं येऊ द्या, बाबाजी. आपलं लचांड तो दुसऱ्याच्या घरी नेनार नाही.” वडिलांनी तेच वाक्य मोठ्या बाबांना ऐकवले आणि होकार दिला. उन्हाळ्यात लग्न झाले. वरातीत सगळ्यांत जास्त नाचला तो दिनू.

वडिलांची शंका खोटी ठरली असे मात्र नाही. लचांड आले. विजेची डीपी जळाली की लोक कप्तानाकडे, पाण्याच्या पाळीवरून शेताच्या धुऱ्यावर भांडण झाले की कप्तानाकडे. संघ हळूहळू मोडला. पोरे नागपूरला गेली, उरलेली क्रिकेटकडे वळली. मी गोंदियाला शिकवायला लागलो आणि मंडईपुरता येऊ लागलो. मुन्ना आता गोंदियात मुलांना फुटबॉल शिकवतो. त्याच्याकडे चूक ज्याची त्याने तिथेच कबूल करायची, असा नियम आहे, आणि त्याची पोरे सामने जिंकतात. कप्तानाचा विषय निघाला की तो म्हणतो, माणूस चांगला, कप्तान बेकार. त्याचे म्हणणे मला पटते. तरी मुन्नाच्या मैदानावर मी सहा दिवससुद्धा टिकलो नसतो, हेही खरे.

गेल्या थंडीत कप्तान पोटाच्या दुखण्याने गेला. चाळिशीही गाठली नव्हती. तेरवीच्या दिवशी जेवणे उरकल्यावर आम्ही जुने लोक अंगणात बसलो होतो. मुन्ना होता, दिनू होता. कप्तानाची बायको, आमच्या वहिनी, पाणी घेऊन आल्या आणि तिथेच पायरीवर टेकल्या. दिनूने खाली मान घालून म्हटले, वहिनी, त्यानं जनमभर आमच्या चुका आपल्या अंगावर घेतल्या.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिले. “तुमच्या घेतल्या असतील, भाऊजी. घरी एकबी नाही घेतली. भाजी करपली तं मी, गाय सुटली तं मी, लाइट गेली तं बी मीच. दवाखान्यात होते, तिथचा डबा यायचा, तं मले म्हनत, मीठ कमी टाकलं तू.”

मुन्ना हसला. मग आम्ही सगळेच हसलो, त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा. वहिनीही हसल्या. मग पाण्याचा रिकामा गडवा मांडीवर धरून बसून राहिल्या.

“काल दूध उतू गेलं,” त्या म्हणाल्या. “घरात कोनी काहीच म्हनलं नाही. मी बराच वेळ चुलीपाशी तशीच उभी राह्यली.”