लाल पट्टीचा टेम्पो

पन्नाशी ओलांडेपर्यंत आबाजी कुणाचा चाकर नव्हता. अंथुर्ण्याच्या माळावर त्याची मेंढरं होती आणि मेंढरांच्या मागं तो होता. पुढं कालव्याचं पाणी आलं, माळ फुटला, जिकडं बघावं तिकडं ऊस उभा राहिला, आणि मेंढरानं तोंड घालावं अशी मोकळी जागाच उरली नाही. मग एका वर्षी सगळी मेंढरं विकून आबाजी बारामतीच्या एमआयडीसीत आला आणि पाइपच्या कारखान्याच्या फाटकावर राखणदार म्हणून उभा राहिला. कंपनीचे खाकी कपडे त्याला ढगळ व्हायचे, कंपनीचे बूट चावायचे. काठी मात्र त्यानं कंपनीची घेतली नाही, स्वतःची घरून आणली.

पाळी सुटली की कामगारांचा लोंढा फाटकातून बाहेर पडायचा, आणि हा काठी आडवी धरून जिभेनं ट्र्याक ट्र्याक करायचा. मुद्दाम नव्हे हो, आपसूक यायचं ते. कामगार हसायचे.

"आबा, आमी मेंढरं न्हाय!"

आबाजीही हसायचा. काठी तशीच आडवी राहायची.

कारखान्याचे मालक संभाजीराव पणदऱ्याच्या ऊसवाल्या घरातले. वयानं तरणे, डोक्यानं तापट, पण माणूस जीव लावणारा. एका सकाळी त्यांनी सगळ्या कामगारांना आवारात उभं केलं आणि सांगितलं, की एमआयडीसीतले सहा कारखानदार एकत्र आलेत. दवाखान्यांची बिलं कुणा एकट्याला झेपेनाशी झालीत. आता सहाही जणांनी वर्गणी काढायची, एक दवाखाना ठरवायचा, त्याच्याशी सगळ्यांच्या वतीनं भाव ठरवायचा, आणि कुठल्याही कारखान्याचा माणूस आजारी पडला की तिथंच न्यायचा. बायकापोरांचंसुद्धा बघायचं.

इतर कामगारांना यातलं निम्मं कळलं, निम्मं कळलं नाही, आणि ते आपापल्या मशिनीवर गेले. आबाजीला मात्र झटक्यात सगळं कळलं. घोटाळा झाला तो तिथंच.

कारण आबाजीच्या लेखी हा सरळसरळ वाडा होता. दिवाळी झाली की धनगर असंच करायचे. चारसहा घरं आपापली मेंढरं एकत्र करायची, त्याला वाडा म्हणायचं, आणि सगळे मिळून कोकणाकडं निघायचे. खर्च वाटून, राखण वाटून. वाड्याचा एक कारभारी असायचा. कुठं मुक्काम करायचा, काय विकायचं, काय ठेवायचं, तो म्हणेल ती पूर्व दिशा. आबाजी स्वतः कितीतरी वर्षं कारभारी होता. मग सहा मालकांनी कळप एकत्र केले, यात न कळण्यासारखं काय होतं? फक्त एक गोष्ट त्याला सापडेना. ह्या वाड्याचा कारभारी कोण?

त्यानं ऑफिसातल्या क्लार्कला विचारलं. क्लार्क म्हणाला, असोसिएशन. आबाजीनं विचारलं, ते कुठल्या गावचे? क्लार्क इतका हसला की त्याचा चहा सांडला. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, ज्याचा कारखाना मोठा तो कारभारी. कॅन्टीनवाला म्हणाला, सगळं दवाखानावालाच चालवतो. आबाजीचं डोकं गरगरायला लागलं. कारभाऱ्याशिवाय वाडा निघालाच कसा, याचा त्याला काही केल्या उलगडा होईना.

अशातच बुटानं डाव्या पायाला जखम केली. करंगळीपाशी, रुपयाएवढी. गंमत अशी की ती दुखायची नाही. मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं म्हणून कळलं. दुखत नाही म्हणजे किरकोळ असणार, असं म्हणून आबाजीनं तिच्यावर हळद दाबली आणि पुन्हा बूट चढवला.

मग आलं शिबिर. सहाही कारखान्यांच्या सगळ्या कामगारांची तपासणी. संभाजीरावांच्याच आवारात मांडव पडला, टेबलं लागली. डॉक्टर राजलक्ष्मी म्हणून एक बाई होत्या, हसतमुख, हात हलका. कामगारांची रांग लागली. बाई एकेकाचं तोंड उघडून दात बघायच्या, जीभ बघायच्या, डोळ्याची पापणी खाली ओढायच्या, पाय वर घ्यायला लावायच्या. मग नर्स प्रत्येकाच्या मनगटाला कापडाची पट्टी बांधायची. कुणाला हिरवी, कुणाला पिवळी. एखाद्याला लाल. लाल पट्टीवाले बाजूला काढायचे आणि फाटकाशी उभ्या असलेल्या टेम्पोत बसवायचे.

रांगेत उभा आबाजी एक पाऊल मागं सरला.

ही तपासणी त्याच्या ओळखीची होती. कोकणाकडं निघायच्या आधी कारभारी म्हणून हेच तो करायचा. एकेक मेंढरू पायात धरायचं, दात बघायचे, डोळे बघायचे, खूर वर करून बघायचे. जे घाट चढायचं नाही, त्याच्या कपाळाला गेरू लावायचा आणि ते बाजूला काढायचं. संध्याकाळपर्यंत खाटकाचा टेम्पो यायचा. यात कुणाचा राग नसायचा, लोभ नसायचा. एका लंगड्यापायी सगळा वाडा अडकतो, खर्च सगळ्यांच्या अंगावर पडतो, म्हणून करायचं. त्याची लाडकी कवडी नावाची मेंढी होती, हातातली भाकरी खाणारी. एका साली तिचा खूर सडला. तिच्या कपाळालाही आबाजीनंच गेरू लावला होता, आणि ती टेम्पोत चढताना वळून वळून बघत होती.

"काका, हा पाय कधीपासून असा आहे?" डॉक्टरबाई विचारत होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, तो बघून त्या नर्सला हळूच काही बोलल्या. नर्सनं आबाजीच्या मनगटाला लाल पट्टी बांधली.

"टेम्पोत बसा, काका."

आबाजी टेम्पोपर्यंत गेला. एक हात फळीवर ठेवला. आत बसलेल्या चारपाच जणांची तोंडं बघितली. मग लघवीला जातो म्हणून मागच्या अंगाला गेला आणि तारेच्या कुंपणाखालून सरपटत निघून गेला. ज्यानं जन्मभर कळप राखले आणि आता फाटक राखत होता, तो माणूस कुंपणाखालून पळाला. खोलीवर आल्यावर पट्टी चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं तर आबाजीनं ठोकून दिलं, "गावाकडनं सांगावा आला हुता. दवाखान्यात सवडीनं जाऊन येतो." आणि त्या दिवसापासून तो असा ताठ चालायला लागला की बघणाऱ्याला वाटावं, पलटणीत होता. लंगडणं दिसता कामा नये. औषध त्याला ठाऊक होतं. शेकडो खुरांना लावलेला बिब्बा त्यानं तापवला आणि स्वतःच्या जखमेत डागला. जराही आग झाली नाही. आबाजी खूश झाला. त्याला वाटलं, औषध लागू पडलं.

औषध लागू पडलं नव्हतं. पायातला जीव चालला होता, म्हणून आग होत नव्हती. पण हे त्याला कोण सांगणार?

बानूबाईला आधी वास आला. आबाजीची बायको म्हणजे सरळ रेघेतलं माणूस. चार दिवस तिनं मोरी धुतली, गोधड्या उन्हात टाकल्या, उंदीर मेला असेल म्हणून माळा उपसला. मग नवऱ्याचा मोजा ओढून काढला, तर करंगळी काळी पडलेली.

"अवं, हे काय करून घेतलंसा? आन् मालकांनी दवाखाना काढलाय तो कशासाठी?"

तेव्हा आबाजीनं सगळं सांगितलं. दात बघितले ते, पाय बघितला तो, लाल पट्टी, टेम्पो.

"अवं, तुमी काय मेंढरू हाय का?"

"मला तरी कुठं ठावं गं?" आबाजी कळवळून म्हणाला. "त्यांच्या जागी मी असतो तर मी काय केलं असतं, तेवढं मला ठावं हाय."

बानूबाईनं पदर खोचला आणि थेट कारखाना गाठला. संभाजीराव स्वतः जीप घेऊन आले. शिव्या देत देतच त्यांनी आबाजीला उचलला आणि मागच्या सीटवर निजवला. शिव्या देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे बानूबाईनं नंतर कित्येकांना सांगितलं.

डावा पाय अर्धा गेला. सगळी बोटं आणि वर थोडा भाग. आबाजी शुद्धीवर आल्यावर डॉक्टर राजलक्ष्मी खाटेशेजारी येऊन बसल्या. त्यांना बानूबाईकडून सारं कळलं होतं.

"काका, रक्तात साखर वाढली होती तुमच्या. त्या दिवशी टेम्पोत बसला असतात, तर फार तर एका बोटावर भागलं असतं. लाल पट्टी म्हणजे टाकून द्यायचा माणूस नव्हे. लाल म्हणजे ज्याला आधी बघायचं तो."

"लाल म्हंजी आधी?"

"सगळ्यांच्या आधी."

आबाजी छताकडं बघत राहिला. लंगड्याला आधी बघणारा वाडा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. असलं कसं चालतं, घाट कसा चढतात हे लोक? त्याला काही कळेना. पण खर्च खरंच सहाही मालकांनी मिळून केला. नोकरीही राहिली. फाटकापाशी त्याला एक स्टूल दिलं, पायाला खास बूट करून घेतला. कवडीची आठवण मात्र त्याला त्या खाटेवर फार आली. तिलाही कुणी आधी बघितलं असतं तर, असं वाटून तो पोरासारखा रडला.

बरा झाल्यावर आबाजीला दुसरा विषयच सुचेना. जो येईल त्याला तो बूट काढून पाय दाखवायचा. "लाल लागली तर भाग्य समज. पळायचं न्हाय. लपवायचं न्हाय. जे हाय ते समदं सांगून टाकायचं." नवा भगत असतो ना, तशातली गत.

पुढच्या वर्षी कारखान्यात नवी मशिनं यायची होती. नवी माणसं घेणार अशी बातमी लागली. बानूबाईच्या भावाचा मुलगा सर्जेराव अंथुर्ण्याला राहिलेली थोडीबहुत मेंढरं राखत होता. बायको होती, लेकरं होती. आबाजीनंच त्याला सांगावा धाडला. 'मेंढरांत आता राम न्हाय. हितं ये. हितं आजारी पडलास तरी सहा मालक बघणारं हायेत.' सर्जेरावानं आबाजीच्या शब्दावर मेंढरं मोडली आणि तो आला.

त्याला जुना खोकला होता. भरतीच्या आधी शिबिर होतं. सर्जेराव आदल्या दिवशी म्हणाला, "आबा, खोकल्याचं बोलू नगं का?"

"खुळा का काय! तेच आधी सांग. रातीला घाम येतो तेबी सांग."

सर्जेरावानं सगळं सांगितलं. डॉक्टर या वेळी दुसरेच कुणीतरी होते. नर्सनं लाल पट्टी बांधली. सर्जेराव मांडवातून बाहेर आला तो मनगट उंच करून आबाजीला दाखवतच आला, आणि टेम्पोत सगळ्यांच्या आधी चढून बसला.

टेम्पो फाटकाशी आला. आबाजीनं ड्रायव्हरला सहज विचारलं, "दवाखान्यातच ना?"

"दवाखान्यात कशाला? एसटी स्टँडवर सोडायचंय. लालवाल्यांना घ्यायचं न्हाय म्हणं."

आबाजीला वाटलं, ह्याचा काहीतरी घोळ झालाय. त्यानं टेम्पोला थांबायला सांगितलं आणि अर्ध्या पायानं खुरडत तो ऑफिसात गेला.

"मालक, लाल म्हंजी आधी ना?"

संभाजीराव कागदातून वर बघेनात. "आबा, ते कामावर असलेल्यांना. नव्या माणसाला घ्यायच्या आधीच बघायचं, असं ठरलंय आता."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी."

"का पर?"

संभाजीरावांनी हातातला कागद खाली ठेवला. मग आबाजीच्या पायाकडं न बघता म्हणाले, "गेल्या साली तुमच्या पायाचं बिल लई मोठं झालं, आबा. बाकीचे म्हणाले, असली माणसं पुन्हा आत घ्यायला नगंत. मी भांडलो. पर सहा जणांत माझं एकट्याचं कुठवर चालणार?"

"मग कारभारी कोण हाय ह्या वाड्याचा? मी त्येच्याशी बोलतो. पाया पडतो त्येच्या."

"कारभारी कुणीच न्हाय, आबा."

आबाजी बाहेर आला. त्याच्या वाड्यात निदान गेरू लावणारा कोण हे मेंढराला दिसायचं. इथं आबाजीनं कुणाचे पाय धरावेत, कुणाच्या अंगावर काठी घेऊन जावं? आपण शहाणे झालो म्हणून सर्जेराव फसला, की आपण आधीच शहाणे होतो आणि पाय गेल्यावर खुळे झालो? त्याला काही म्हणता काही कळेना. फक्त एवढंच कळत होतं, की सर्जेरावाची मेंढरं विकली गेलीत.

टेम्पोच्या फळीला धरून तो म्हणाला, "सर्जा, खाली उतर."

"का वं?"

"उतर म्हंतो ना. चल, घरला जाऊ."

सर्जेराव हसला. लाल पट्टी बांधलेला हात त्यानं आबाजीच्या खांद्यावर ठेवला.

"आबा, आता तुमीच भ्यायला लागला व्हय? तुमीच सांगितलं हुतं न्हवं, पळायचं न्हाय म्हणून? जा, आत्याला सांगा, तपासून झालं की जेवायलाच येतो."

मागून दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर ओरडला, "आबा, फाटक!"

आबाजीनं फाटक उघडलं.