सगळ्या ओळींवर पट्टीचं नाव

ऑफिसात तिला सगळे पट्टी म्हणत. कप बशीच्या बरोबर मधोमध, खुर्ची भिंतीला समांतर. दुसऱ्याची चप्पल तिरकी दिसली, तरी जाता जाता पायाने सरळ करणार. घरी सासूबाईंचा चष्माही ती असाच जागच्या जागी ठेवायची आणि मग दोघी मिळून तो शोधत बसायच्या.

तिची कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर चालवायची. कोणत्या पेशंटने कधी यायचं, हे निरोप तेच पाठवी. त्याचा कोड आजवर कितीतरी जणांनी लिहिलेला. ओळीच्या सुरुवातीला कुणी दोन मोकळ्या जागा सोडलेल्या, कुणी चार, कुणी मनाला येतील तेवढ्या. कंस तर कुठेही लोंबत. काम चालायचं, पण वाचताना पट्टीचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी मॅनेजरची परवानगी काढून एका दुपारी तिने सगळा कोड एका साच्यात बसवणारा प्रोग्राम चालवला. चहा होईपर्यंत लाखभर ओळी प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलींसारख्या रांगेत! मॅनेजर खूश. म्हणाला, "नव्या टीमची प्रमुख तूच. सोमवारी जाहीर करतो."

घोटाळा दुसऱ्या दिवशी कळला. कोणत्या ओळीला शेवटचा हात कुणी लावला, त्याचं नाव कॉम्प्युटर लिहून ठेवतो. आता सगळीकडे एकच नाव होतं. तिचं.

"ताई, ही ओळ अशी का लिहिलीत?" शेजारच्या दाढीवाल्याने विचारलं.

"मी नाही लिहिली. नुसती सरळ केली."

"पण नाव तुमचंच दिसतंय."

त्यातच महिनाअखेरीला बंद असणाऱ्या एका दवाखान्याची तक्रार आली. ज्यांची वेळ महिन्याच्या एक तारखेला, त्यांना निरोप आदल्या दिवशीचा जातोय. लोक गाल धरून बंद दारापुढे ताटकळतायत. मॅनेजरने चुकीची ओळ उघडली, नाव वाचलं आणि म्हणाला, "प्रमुखपदाचं जरा थांबू या."

"अहो, ही माझी नाहीच!"

"मग कुणाची?"

ते तिला कुठे ठाऊक होतं? शेकडो ओळींवर स्वतःचं नाव वाचून तिचं डोकं गरगरलं होतं. न लिहिलेलंही आता लिहिल्यासारखं वाटू लागलं.

"चूक तू केलीस का?" सासूबाईंनी घरी विचारलं.

"नाही हो आई. मी फक्त आवरलं."

"आवरलंस ना? मग भोग! मी कपाट आवरलं, की तुझे सासरे हरवलेलं सगळं मलाच मागायचे. एकदा पायमोज्यांवरून असे भांडलो म्हणतेस!"

"सापडले का मग?"

"सापडले. माझ्याच पायात होते."

सकाळी दाढीवाल्याने युक्ती काढली. "ताई, तुमची ती एक आवराआवर बाजूला ठेवून जुनी नावं दाखव, असं कॉम्प्युटरला सांगता येतं." तिचा जीव भांड्यात पडला. मॅनेजरला बोलावलं. नावं भराभर पालटली. लोकांच्या ओळी लोकांकडे गेल्या. चुकीच्या ओळीवर मात्र तिचंच नाव राहिलं.

"परत बघ रे," ती म्हणाली.

"बघितलं, ताई. तारीख तुम्ही नवीन लागलात तेव्हाची आहे."

ओळीचं मूळ रूप समोर आलं. सुरुवातीला तीन मोकळ्या जागा, कंस पार उजवीकडे घरंगळलेला. "ही तूच आहेस" म्हणून कुणी अनोळखी पोरीचा फोटो दाखवावा, तशी ती बघत राहिली. "मी असं लिहीतच नाही हो," ती पुटपुटली.

"म्हणजे काल तू खरं बोललीस की खोटं?" मॅनेजरने विचारलं.

"मला वाटलं, खरं."

मॅनेजरला हसू आवरेना. "दुरुस्त कर. आणि सोमवारचं ठरल्याप्रमाणेच. यापुढे काहीही बिघडलं, तरी आधी तुलाच विचारीन."

संध्याकाळी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय गं, कुणाची निघाली?"

"पायमोजे माझ्याच पायात होते, आई."

"अगंबाई! मग प्रमुख झालीस की नाही?"

"झाले," पट्टी चपला काढत म्हणाली. "पण ती शाबासकी होती की शिक्षा, तेच कळलं नाही."

चपला तिरक्याच पडल्या होत्या. सासूबाईंनी त्या पायाने सरळ केल्या.