चार बोटांची मूठ

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर तलवारींना मुठी बसवणारे एक काका आहेत. आमच्या घरच्या सुऱ्या, विळेही त्यांच्याकडेच जातात. नमस्कार करायची त्यांना सवय नाही. समोर आलेल्याचा हात ओढून घेतात, पंजाची रुंदी बघतात आणि मगच बोलतात.

त्यांना माझं कार्ड दाखवलं, तिथंच चुकलं. आम्ही चार मित्र रविवारी कार्डांचा एक लढाईचा खेळ खेळतो. त्यातलं हे सगळ्यात दुर्मिळ शस्त्र: जुन्या विलायती दंतकथेतली, दगडात रुतलेली तलवार. जो उपसेल, तो राजा.

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "मूठ हाय का बांगडी ही? दोन बोटं मावनात. राजा होईल, पर धरंल कशी?"

"काका, चित्र आहे ते!"

"मग चित्र काढणाऱ्याला हात न्हाईत का?"

असं म्हणत त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातून कार्ड बाहेर काढलं आणि मी ओरडायच्या आत बॉलपेननं मूठ चार बोटांची करून टाकली. "घे. आता बसंल हातात."

खाडाखोड केलेलं कार्ड खेळात चालत नाही. सहा महिने वाट बघून मिळवलं होतं मी ते! माफी तर सोडाच, ते पुढच्या गिऱ्हाइकाचा पंजा बघू लागले.

तणतणत मी दुसरं मागवलं. परवा आलं. कोरं, चकचकीत. हातात घेतलं आणि डोकंच फिरलं. त्या मुठीत खरंच दोन बोटं मावत नव्हती. या माणसानं माझं नवं कार्डही नासवलं होतं, हात न लावता.