सोफा आमचा, कॅसेट माझी

झालं गेलं विसरून जावं, असं आई म्हणते. तिच्या कॅसेटवर कुणी रेकॉर्डिंग केलेलं नाही, म्हणून तिला जमतं. मला जमलेलं नाही आणि जमावं अशी इच्छाही नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही बहारीनमध्ये, जुफैरच्या एका दुमजली इमारतीत राहायचो. वडील एसी दुरुस्त करायचे, आई दवाखान्यात नर्स. समोरच्या दारात काकू. नात्याच्या नव्हेत, पण आमच्यासारख्याच कराडकडच्या, त्यामुळे आमच्या घरावर त्यांचा हक्क आमच्यापेक्षा जास्त. दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकींकडे असायच्या. आईच्या मते हा शेजारधर्म. माझ्या मते चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली.

तेव्हा दुपारी टीव्हीवर अरबीत डब केलेलं एक जपानी कार्टून लागायचं. त्यातली मुलगी माझ्याएवढीच, शाळेच्या गणवेशातली, आणि एका गायिकेसाठी वेडी. त्या गायिकेचा फोटो ती कंपासपेटीत ठेवायची, शाळा सुटल्यावर हॉटेलात भांडी घासायची, कारण तिला एकदा तरी तिचं गाणं समोर बसून ऐकायचं होतं. वर्गातल्या मुली तिला हसायच्या. मलाही माझ्या वर्गातल्या मुली हसायच्या, कारणं वेगळी होती. शाळेतल्या अरबीच्या तासांमुळे मला निम्मं कळायचं, पण ती मुलगी पुरती कळायची. ती माझी होती. हे असं मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी ती सभागृहाशी पोचली आणि तिच्या डोळ्यांदेखत फाटक बंद झालं. दुसऱ्या दिवसापासून माझी परीक्षा. आईने टीव्हीला कापड घालून बंदी केली. मी व्हीसीआरला टायमर लावून शेवटचा भाग कोऱ्या कॅसेटवर रेकॉर्ड केला आणि कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची खिट्टी मोडून टाकली. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. परीक्षा संपली की गुरुवारी बघायचं, असं ठरवून मी ती शोकेसमध्ये ठेवली.

शेवटचा पेपर देऊन घरी आले तर दार उघडं. आमच्या हॉलमध्ये, आमच्या नव्या मरून रंगाच्या सोफ्यावर, रेशमी साडी नेसून काकू बसलेल्या. समोर काका, खांद्यावर भाड्याने आणलेला भला मोठा व्हिडिओ कॅमेरा. त्यात थेट व्हीसीआरचीच कॅसेट बसायची. काका त्याच रात्री रजेवर निघणार होते. जो कुणी रजेवर जाई, तो सगळ्यांची पार्सलं नेई, आणि अलीकडे गावाकडे दाखवायला अशा कॅसेटीही जात.

"तर वैनी, ह्यो आमचा सोफा," काकू आपल्या जावेला सांगत होत्या. "आन् त्यो तिकडं आमचा फ्रीज. दोन दारांचा हाय."

मला हसू येणार होतं. तेवढ्यात टेबलावर माझ्या कॅसेटचं रिकामं खोकं दिसलं.

"That's mine!" मी किंचाळले.

"आगं, कार्टून तर हुतं! आन् आता पुसलं बी त्ये समदं," काकू म्हणाल्या. "दहावीला जाशील की पुढल्या साली. ल्हान हायस व्हय?"

दोघं समोर चहाला गेली. कॅमेरा आमच्याच टेबलावर राहिला. मी कॅसेट काढून पाहिली. मोडलेल्या खिट्टीच्या जागी चिकटपट्टी लावलेली होती. म्हणजे चुकून नव्हे. कुणीतरी ही जपून ठेवली आहे हे त्यांना कळलं होतं, आणि तरीही पट्टी लावली होती. रडू आलं, पण रागाने ते गिळलं.

कॅसेट परत आत घातली. कॅमेरा कसाबसा खांद्यावर घेतला आणि लाल बटण दाबलं. एरवी मी घरात कुणालाही इंग्रजीतच उत्तर द्यायची. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सलग मराठी बोलले, कारण ते गावात कळायला हवं होतं.

"नमस्कार. तुम्ही पाहिलेला सोफा आमचा आहे. फ्रीजपण आमचा आहे. फ्रीजवर माझ्या पप्पांचा फोटो आहे, बघा. काकूंचं घर समोर आहे. त्यांच्याकडे सतरंजी आहे."

काकांनी कॅसेट न बघताच बॅगेत भरली.

गावात भाड्याने व्हीसीआर आणून अख्ख्या आळीला ती दाखवली गेली. काका म्हणे मध्येच उठून गेले. जावेने मात्र ती कॅसेट जपली आणि येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर दाखवली. आईने मला दोन थोबाडीत दिल्या. त्या मी आनंदाने खाल्ल्या.

पुढच्या वर्षी काकू स्वतः रजेवर जाऊन आल्या. आल्या त्या दिवशीच आमच्या दारात उभ्या राहिल्या. वर्षभराने माझ्याशी बोलल्या.

"तुझ्या बोलण्याच्या म्होरं ऱ्हायलं हुतं गं थोडं. ती फाटकापाशी हुबी आसती बघ. शेवटापत्तोर बघितलं म्या."

शेवट पुसला गेलाच नव्हता. रागाच्या भरात शोधायचं मला सुचलंच नव्हतं.

"मग? आत गेली का ती?"

"न्हाय सांगायची," काकू म्हणाल्या. "कॅसेट चुलीत घातली." आणि आपलं दार लावून घेतलं.

ते कार्टून परत कधी लागलं नाही, निदान मी असेपर्यंत तरी. मी पुष्कळ शोधलं. काकूंना हात जोडून विचारायचं मात्र टाळलं.

मध्यंतरी काकू गावी अंथरुणाला खिळल्याचं आईने सांगितलं आणि फोन करायला लावला.

"कोन? सोफावाली व्हय?" आवाज खोल गेला होता. थोडा वेळ त्या नुसत्या धापा टाकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगू का आता? ती आत गेली का न्हाय त्ये?"

मला ते हवं होतं, अजूनही हवं आहे.

"नको काकू," मी म्हणाले. "राहू दे तुमच्यापाशीच."

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी फोन ठेवला नाही. ती शांतता मी शेवटापर्यंत ऐकली.